आणि हेमलता इंगवले

पत्राची सुरुवात 'प्रिय आणि,' अशी होती.

मंजिरीने ती ओळ दोनदा वाचली. पंचवीस वर्षं पुस्तकांची मुद्रितं तपासून तिला एक सवय लागली होती. चूक दिसली की ती आधी छापणाऱ्याची धरायची, लिहिणाऱ्याची नाही. इथे दोघंही एकच होते.

'प्रिय आणि, आपला अर्ज मंजूर झाला आहे. "उतारावरचं घर" या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत आपले नाव आपल्या विनंतीनुसार एकोणिसाव्या क्रमांकावरून काढून शेवटी, म्हणजे एकसष्टाव्या क्रमांकावर घेण्यात आले आहे. आपल्या पुढील कलाप्रवासास श्रेयमापन मंडळाच्या शुभेच्छा.'

साठाव्या क्रमांकावर कोण आहे ते तिने सोबतची यादी उघडून पाहिलं. 'शेळ्या : महादेव वाघमोडे, वडणगे.' आणि त्याखाली तिची आई.

आईला जाऊन चार महिने झाले होते.

हेमलता इंगवले हे नाव ज्यांना आठवणार नाही, त्यांनीही तो चेहरा पाहिलेला असतो. नायकाची मावशी, नायिकेची शेजारीण, दवाखान्यातली आया, एकदा सरपंच. मंजिरी पाळण्यात होती तेव्हा तिने कोल्हापुरात पहिलं काम केलं आणि पुढची बारा वर्षं तिचं नाव पडद्यावर आलंच नाही. नायकनायिकांची नावं, मग आणखी चारपाच नावं, मग एका पाटीवर 'आणि इतर'. त्या इतरांमध्ये ती असायची.

त्या काळी कमी खर्चाच्या सिनेमांची टायटलं अजून हाताने रंगवली जात. बाराव्या वर्षी एका सिनेमासाठी दत्तोबा पेंटर काळ्या कागदावर पांढरी अक्षरं काढत बसला होता. हेमलताबाई चहाचा कप घेऊन त्याच्यामागे जाऊन उभी राहिली.

"दत्तोबा, ते 'इतर' खोडा."

"आन् तितं काय लिवू?"

"माझं नाव."

"आन् ह्ये 'आणि'?"

"त्याला हात लावू नका. बारा वर्षं त्याच्या मागं उभी आहे मी."

निर्मात्याला हे कळलं ते थेट पहिल्या खेळाला. तोवर पाटी पडद्यावर येऊन गेली होती आणि बाल्कनीतून कोणीतरी शिट्टीही मारली होती. तेव्हापासून तिच्या प्रत्येक करारात तिच्या हातची एक ओळ असे : नाव शेवटी, एकटं, 'आणि'सह. का, असं विचारलं की म्हणायची, "पहिलं नाव येतं तेव्हा लोक खुर्ची शोधत असतात. एकमेकांच्या पायावर पाय देत असतात. शेवटच्या नावापर्यंत सगळे बसलेले असतात."

शेवटच्या दिवशी दवाखान्यात तिने मंजिरीचा हात धरला आणि 'आणि' एवढंच म्हणाली. मंजिरीचा धाकटा भाऊ पराग पुढच्या शब्दासाठी तिच्या तोंडाशी कान नेऊन बराच वेळ बसून राहिला. मंजिरीला वाटलं होतं की वाक्य पूर्ण झालं आहे. तिने घरी जाऊन शेवटच्या सिनेमाचा करार काढला. ओळ होती तिथेच होती.

पण आता करारातल्या ओळीने काही होत नव्हतं.

पूर्वी नावांचा क्रम म्हणजे एक तह असायचा. तोडीस तोड असे दोन नायक असले तर एकाचं नाव डावीकडे पण जरा खाली, दुसऱ्याचं उजवीकडे पण जरा वर. म्हणजे पहिला कोण ते ज्याने त्याने आपापल्या सोयीने ठरवावं. फारच भांडणं झाली तर अकारविल्हे. कोणाला चौकट, कोणाला 'पाहुणे कलाकार', कोणाला 'आणि'. आठ वर्षांपूर्वी अशाच दोन नावांच्या भांडणात एक तयार सिनेमा चौदा महिने कोर्टात पडून राहिला. त्यानंतर कलाकार आणि निर्माते, दोघांच्याही संघटनांनी हात टेकले आणि हे काम यंत्राकडे दिलं.

यंत्राचं तत्त्व सरळ होतं. माणूस तोंडाने काहीही सांगो, तो जिथे पाहतो तिथेच त्याची बुबुळं वळतात. पडद्याच्या चौकटीत बसवलेले बारीक दिवे प्रेक्षकांच्या डोळ्यांवर अवरक्त प्रकाश टाकतात. हा प्रकाश कोणाला दिसत नाही, पण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावरून तो एका ठिपक्यासारखा परततो. डोळा हलला की बाहुली सरकते, ठिपका जवळपास तिथेच राहतो. दोघांमधलं अंतर मोजलं की नजर पडद्यावर कुठे पडली ते कळतं. सेकंदाला साठ वेळा मोजायचं. प्रदर्शनाआधी तीन खेळ लावायचे, प्रत्येकी चारशे प्रेक्षकांचे. कोणत्या कलाकाराकडे एकूण नजरेचा किती भाग गेला, तो त्याचा लक्षांक. चार टक्क्यांच्या वर लक्षांक असलेले सुरुवातीच्या नामावलीत, बाकीचे सिनेमा संपल्यावर दिवे लागताना धावत्या यादीत. हे सगळं एकशे बारा पानांच्या नियमावलीत होतं आणि ती नियमावली कोणी वाचत नसे. आकडा समोर आला की भांडण मिटत असे.

हेमलता इंगवलेंचा लक्षांक होता एक पूर्णांक नऊ.

म्हणून मंजिरीने अर्ज केला होता. हवी असलेली जागा : शेवटी. कलाकाराचे नाव : इथे ती पाच मिनिटं थांबली होती. 'आणि'ला अवतरणचिन्हं घालावीत का? आईला पडद्यावर अवतरणचिन्हं चालत नसत. तिने घातली नाहीत. यंत्राला तीन शब्द मिळाले. त्याने ते नाव, मधलं नाव आणि आडनाव असे नोंदवून घेतले.

"मंजिरीताई, तुम्ही नुसतं 'शेवटी' लिहिलंत?" ओवी हुपरीकर फोनवर म्हणाली. सिनेमा तिचा होता, पहिलाच.

"मग काय लिहायला हवं होतं?"

"सुरुवातीच्या नामावलीत शेवटी."

"तेवढं लिहायला रकाना नव्हता, ओवी. सात अक्षरं मावत होती."

"मी काही करू शकत नाही हो. टायटलची फाइल मंडळाकडून सीलबंद येते. माझ्याच सिनेमाला मी हात लावला तर तो दाखवायचा परवाना जातो." मग जरा थांबून, "शेळ्यांच्या खाली आलंय ना? मला रडायला येतंय आणि हसायलाही."

"मला दोन्ही येत नाहीये," मंजिरी म्हणाली. "प्रदर्शन कधी?"

"नऊ दिवसांनी."

मंडळाच्या मदतक्रमांकावर एक गोड आवाज होता. 'आपण कलाकार असाल तर एक म्हणा. आपण दिवंगत असाल तर दोन म्हणा.' मंजिरीने एक म्हणून पाहिलं, वारस म्हणून पाहिलं, मुलगी म्हणून पाहिलं. शेवटी तिने 'दोन' म्हटलं. 'आपल्या निधनाबद्दल मंडळाला दुःख आहे,' आवाज म्हणाला आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी तिने कामावर रजा टाकली आणि मंडळाच्या पुण्यातल्या कचेरीत जाऊन बसली. खिडकीपलीकडे देवस्थळेबाई होत्या. चष्मा कपाळावर, समोर पडदा, पडद्याच्या कडेला गणपतीचं स्टिकर.

"म्हणजे तुमच्या आई एकोणिसाव्या होत्या, तुम्ही अर्ज करून त्यांना एकसष्टाव्या केलंत, आणि आता तुमची तक्रार आहे."

"हो."

"लोक इथे वर जायला येतात. खाली जायला अर्ज करणाऱ्या तुम्ही पहिल्याच. आता वर जायचंय?"

"खालीच जायचंय. पण वरच्यांच्या खाली."

देवस्थळेबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "वरच्यांच्या खाली म्हणजे आठव्या. त्याला चार टक्के लागतात. तुमचे दोनसुद्धा नाहीत. आणि हे 'आणि' काय आहे? गुजराती नाव आहे का?"

"ते नाव नाही. उभयान्वयी अव्यय आहे."

"मग ते नावात कसं आलं?"

"मी लिहिलं म्हणून."

"मग नाव दुरुस्तीचा अर्ज करा, खिडकी चार. सहा दिवस लागतात. तो मंजूर झाल्याशिवाय क्रमाची तक्रार घेता येणार नाही, कारण ज्या नावाचा क्रम बदलायचाय ते नाव चुकीचं आहे असं तुम्हीच म्हणताय."

"आणि सहा दिवसांनी?"

"क्रमाच्या तक्रारीला पंधरा दिवस."

मंजिरीने खिडकी चारवर दुरुस्तीचा अर्ज भरला. परत येऊन ती त्याच खुर्चीत बसली. ओरडावं असं तिला फार वाटत होतं, पण ते तिला कधी जमलं नव्हतं. मुद्रितावरसुद्धा ती पेन्सिलच वापरायची. "मला निदान तो एक पूर्णांक नऊ कुठून आला ते बघायचंय," ती म्हणाली.

तो तिचा हक्क होता. देवस्थळेबाईंनी तिला आतल्या खोलीत पाठवलं.

आत तौसीफ मुजावर नावाचा चाळिशीतला माणूस होता. नजरांचे नकाशे तपासणं हे त्याचं काम. फायलीवरचं नाव पाहून तो उठून उभा राहिला.

"हेमलताबाईंची मुलगी व्हय तुम्ही? बसा बसा. मी इचलकरंजीचा. आमच्या अम्मीला बाईंचं लई कौतुक. टीव्हीवर बाई आल्या की म्हणायची, आली बघ आपली."

"तुमच्या यंत्राचं मत वेगळं आहे."

"यंत्राला मत नसतंय, ताई. त्ये नुसतं मोजतंय." त्याने सिनेमा लावला. चित्रावर पिवळे ठिपके भिरभिरायला लागले, जसे दिव्याभोवती किडे. प्रत्येक ठिपका म्हणजे एक प्रेक्षक. "तुम्ही तिसऱ्या खेळाला होता न्हवं का, कोल्हापूरला? खुर्ची ब-सात. तुमचा ठिपका लाल करतो. बघायचाय तुमचा आकडा?"

तिला बघायचा नव्हता. "दाखवा," ती म्हणाली.

तिच्या त्या दिवसाच्या नजरेपैकी एकेचाळीस टक्के सिनेमाचा नायक रणधीर सरनोबत याच्यावर गेली होती. सात टक्के एका खिडकीवर. शेळ्यांवर तीन. आईवर दोन पूर्णांक तीन.

मंजिरी आकड्याकडे बघत राहिली. त्या खेळाला ती आईला बघायला गेली होती, दुसऱ्या कशालाही नाही. आई गेल्याला तेव्हा पाच आठवडे झाले होते आणि मोठ्या पडद्यावर ती हलताबोलताना दिसणार होती.

"हे चुकलंय," ती म्हणाली. "मी तिलाच बघत होते."

"सगळे असंच म्हणतात." तो हसला नाही. "थांबा, एक प्रसंग हळू करून दाखवतो."

घरमालकिणीच्या भूमिकेत आई ओसरीवर पावटे सोलत होती. तौसीफने चित्र अगदी हळू केलं. ठिपके तिच्या चेहऱ्यावर आले; सगळे, लालसुद्धा. आईने मान वर केली आणि उजवीकडे पाहिलं. ठिपके तिच्या डोळ्यांवर क्षणभर टेकले आणि मग वाऱ्याने उडवल्यासारखे सगळे एकदम उजवीकडे गेले, तिथल्या दारावर.

"आता बघा. दार उघडलंय का?"

"नाही."

"हिरो आलाय का?"

"नाही."

"हिरो यायला अजून दीड सेकंद हाय. चारशे माणसं बंद दाराकडं बघायलीत. कुणी सांगितलं त्यांना?" त्याने दुसरा प्रसंग लावला, मग तिसरा. तेच. आईने वाकलेल्या फांदीकडे पाहिलं की चारशे ठिपके फांदीवर. सरनोबत बोलताना तिने त्याच्या हाताकडे पाहिलं की ठिपके हातावर, आणि त्या हाताची थरथर लोकांना दिसली. त्या थरथरीचं तिन्ही खेळांनंतर कौतुक झालं होतं. "नजर कुठं पोचली तेवढंच यंत्र मोजतंय, ताई. कुणी धाडली ते मोजत न्हाई. बाई चेहऱ्यावर नजर थांबूच देत न्हाईत. घेतली की पुढं. घेतली की पुढं."

मंजिरीला आईचं घर आठवलं. एक शनिवार सोडून एक शनिवार ती जायची. 'अगं, जास्वंद बघ काय फुललीय,' आई म्हणायची, आणि ती जास्वंद बघायची. 'परागच्या मुलीचा फोटो बघितलास का?' ती फोटो बघायची. वर्षभर आईच्या पायांवर सूज होती, असं डॉक्टर नंतर म्हणाले. वर्षभर सव्वीस शनिवार होते.

"मी एक येगळं मोजमाप करून बघितलंय," तौसीफ म्हणाला. "माझ्यापुरतं. नजर सुटली कुठनं, त्ये मोजायचं. ह्या सिनेमात बाईंचा आकडा येतोय एकतीस. सरनोबतचा बावीस." तो घुटमळला. "म्हणजे बाई पहिल्या. तुम्ही दावा घाला. मी साक्ष देतो. समितीला तीनेक महिने लागतील, पण नियम बदलला तर टायटल बदलंल. सगळीकडं. आन् निसतं त्यांचं न्हाई, त्यांच्यासारख्या सगळ्यांचं."

संध्याकाळी तिने परागला नाशिकला फोन केला. शेळ्यांची गोष्ट ऐकून तो चिडला, मग एकतीस हा आकडा त्याने तिला पुन्हा सांगायला लावला.

"पहिलं नाव, ताई?"

"तो म्हणतो तसं. झालं तर."

"दावा घाल."

"तिला शेवटचं हवं होतं, पराग. 'आणि'सकट."

"तिला पहिलं कोणी विचारलं होतं का कधी? जे मिळत नव्हतं ते नकोच म्हणायची तिची सवय. तुला माहितीय, चौथीत मला पोरं विचारायची, तुझी आई सिनेमात असते तर नाव कुठंय? मी म्हणायचो, इतरमध्ये. वर्षभर मला इतर म्हणत होती सगळी. ए इतर, बॅटिंग कर. ए इतर, डबा दे."

हे तिला माहीत नव्हतं. "तू कधी बोलला नाहीस."

"आईला सांगितलं होतं एकदा." पराग म्हणाला. "त्यानंतरच गेली ती त्या पेंटरकडे."

फोन ठेवल्यावर मंजिरीने मंडळाची नियमावली उघडली. दावा घालायचा तरी ती वाचायला हवी होती. एकशे बारा पानं तिने पेन्सिल घेऊन वाचली, कारण दुसऱ्या कुठल्या पद्धतीने वाचणं तिला येत नव्हतं. सत्त्याऐंशीव्या पानापर्यंत ऱ्हस्वदीर्घाच्या चौदा चुका झाल्या होत्या. सत्त्याऐंशीव्या पानावर पोटकलम नऊ-ई होतं.

'ज्या कलाकाराकडे प्रेक्षक पाहू शकत नाहीत (उदा. आवाज देणारे, बाहुल्या चालवणारे, मुखवट्यामागील कलाकार), तो दृष्टिबाह्य समजावा. अशा कलाकाराचे नाव सुरुवातीच्या नामावलीत सर्वात शेवटी, स्वतंत्र पाटीवर, नोंदणीत असेल त्याच अक्षरांत दाखवावे. कलाकाराचा लक्षांक दोनपेक्षा कमी असल्यास, तो दृष्टिबाह्य असल्याचे वारसाचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानावे.'

तिने ते पुन्हा वाचलं. सर्वात शेवटी. स्वतंत्र पाटीवर. नोंदणीत असेल त्याच अक्षरांत.

खाली एक तळटीप होती. 'दृष्टिबाह्य कलाकाराचा लक्षांक कायमचा रद्द होईल. त्यावर पुढे कोणताही दावा चालणार नाही.'

तिने पेन्सिल खाली ठेवली. आई तिच्या ओट्याजवळ उभी असती तर म्हणाली असती, चहा टाक आधी. मंजिरीने चहा टाकला. एकतीस हा आकडा तिला सुटत नव्हता. तो खरा होता, बरोबर होता, आईने पन्नास वर्षं काय केलं ते त्याने एका अंकात सांगितलं होतं. आणि त्याऐवजी तिने लिहून द्यायचं होतं की आई दिसत नाही.

सकाळी तिने परागला पुन्हा फोन केला आणि सगळं सांगितलं. शेवटचा शब्द बोलून होईपर्यंत त्याने तिला मध्ये तोडलं नाही.

"म्हणजे तू लिहून देणार की आई अदृश्य आहे. तू. तिची मुलगी."

"पराग, दवाखान्यात ती काय म्हणाली?"

"अर्धवट काहीतरी."

"अर्धवट नव्हतं ते."

त्याने फोन ठेवला. पुढचे चार दिवस त्याने तिचा एकही फोन घेतला नाही.

तौसीफला भेटायला ती स्वतः गेली. त्याने ऐकून घेतलं आणि समोरचा नकाशा बंद केला. "वाईट वाटलं, ताई. खोटं कशाला बोलू? दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर घालंन दावा. बाईंच्या आकड्याइतका सोपा न्हाई मिळायचा." दारापर्यंत तो सोबत आला. "पण अम्मीला सांगतो, आपली बाई एकटीच येणार हाय पाटीवर."

देवस्थळेबाईंनी प्रतिज्ञापत्र वाचलं, चष्मा वर केला, खाली केला.

"एकशे चार मिनिटांच्या सिनेमात तुमच्या आई अडतीस मिनिटं पडद्यावर आहेत. आणि तुम्ही लिहून देताय की त्या दिसत नाहीत."

"तुमच्या यंत्राला दिसल्या?"

"यंत्राचं सोडा. तुम्हाला?"

मंजिरीला ब-सात खुर्ची आठवली. "नाही," ती म्हणाली आणि सही केली. 

देवस्थळेबाईंनी शिक्का मारला. कागद फायलीत लावता लावता त्या थांबल्या. "तुमचा नाव दुरुस्तीचा अर्ज उद्या मंजूर होतोय. 'आणि' निघून जाईल. ठेवू ना तो तसाच?"

"मागे घेते."

"अहो, पण नाव चुकलंय असं तुम्हीच म्हणाला होतात."

"नाव बरोबर आहे," मंजिरी म्हणाली.

कोल्हापूरला पहिल्या खेळाला थिएटर भरलं होतं. ओवीने तिच्यासाठी दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. शेजारची रिकामी होती. दिवे मंद झाले.  पहिली पाटी आली, 'रणधीर सरनोबत', आणि तिच्यापुढून एक मोठं कुटुंब पॉपकॉर्न सांभाळत, 'सॉरी हं, सॉरी' म्हणत आडवं गेलं. दुसरं नाव कोणाच्या तरी डोक्यामागे गेलं. तिसऱ्या नावाला मागे कोणीतरी फोनवर 'आलो आलो, आत आहे' म्हणत होतं. पाचव्या नावाला एक माणूस तिच्या पायावर पाय देऊन शेजारच्या खुर्चीत बसला.

"लागलं का?" पराग म्हणाला. "बस उशिरा आली."

 सहावं नाव गेलं, सातवं गेलं. थिएटर शांत झालं होतं. सगळे बसले होते.

पडदा काळा झाला. मग पांढऱ्या अक्षरांत, वर एक शब्द आणि त्याखाली दोन :

आणि
हेमलता इंगवले

पाटी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबली, की मंजिरीला तसं वाटलं. परागने खुर्चीच्या हातावर तिचा हात शोधून धरला. मागे बाल्कनीत कोणीतरी शिट्टी मारली.

मग ओसरी आली, सकाळचं ऊन आलं, सुपातले पावटे आले आणि आई आली. मंजिरीने ठरवून टाकलं होतं. आज काहीही झालं तरी ती आईवरून नजर काढणार नव्हती. मोजणीसाठी नाही, आता त्या आकड्याला काही अर्थ उरला नव्हता. तिने आईच्या बोटांकडे पाहिलं, कानामागच्या पांढऱ्या बटेकडे पाहिलं, पदराखालून दिसणाऱ्या पायांकडे पाहिलं. पाय सुजलेले होते.

आईने मान वर केली आणि उजवीकडे पाहिलं.

मंजिरीने डोळे रोखून धरले. एक क्षण. दुसरा. डोळ्यांत पाणी आलं तरी तिने पापणी मिटली नाही. आई उजवीकडेच बघत होती, न बोलता, हातातली शेंग तशीच धरून. आणि तिथे आहे तरी काय, हे पाहिल्यावाचून मंजिरीला राहवेना.

तिने पाहिलं. तिथे एक बंद दार होतं. आणि सगळं थिएटर त्या दाराकडे बघत होतं.